कोटाच्या बदल्यात टोप

दिघे मास्तर डासालासुद्धा बाजू मांडायची संधी देतात.

थट्टा नाही करत. मी डोळ्यांनी पाहिलंय. रोह्याला त्यांच्या ओटीवर आम्ही बसलो होतो. त्यांच्या मनगटावर डास येऊन बसला. मास्तरांनी दुसरा हात उगारला आणि तसाच हवेत धरून ठेवला. "चावलाय, की नुसता बसलाय?" ते पुटपुटले. "नुसतं बसणं हा गुन्हा नाही." एवढ्यात डास उडाला आणि माझ्या मानेला येऊन चावला. मी त्याला एका फटक्यात संपवला. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"त्याची बाजू मांडायला कोणी होतं का, शेठ?"

"होतं ना," मी म्हटलं. "तुम्ही होतात. म्हणून तर तो माझ्या मानेपर्यंत पोचला."

'बाजू मांडायला कोणी आहे का' हे वाक्य म्हणजे मास्तरांचं सगळं आयुष्य. पेणच्या एका शाळेत त्यांनी नागरिकशास्त्र शिकवलं. वर्गात खडू हरवला तरी आधी विचारायचे, "आरोपीची बाजू मांडायला कोणी आहे का?" आणि कोणीच नसलं की स्वतः आरोपीच्या बाकावर जाऊन बसायचे. खिशाला दोन पेनं. लाल पेन सरकार पक्षाचं, निळं बचाव पक्षाचं. वाण्याची यादीसुद्धा ते दोन रंगांत करतात. साखर निळ्यात, तूप लाल शाईत, कारण डॉक्टरांनी तुपावर आरोप ठेवलाय.

एकदा वडखळला एसटी बंद पडली. सगळे प्रवासी ड्रायव्हरच्या नावाने ओरडायला लागले. मास्तर पायरीवर उभे राहिले आणि ड्रायव्हरची बाजू मांडायला लागले. गाडीची देखभाल कोणाची, रस्ता कोणाचा, इंजिन कोणाच्या ताब्यात. इतका वेळ बोलले, की शेवटी तो ड्रायव्हरच हात जोडून म्हणाला, "मास्तर, तुम्ही खाली बसा. मी कबूल करतो. पण लोकांना घरी जाऊ द्या."

आता माझ्याबद्दल सांगतो. मी पेणच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवतो. लोक मला बबनशेठ म्हणतात. शेठ मला कोणी केला नाही, माझा मी झालो. गागोद्याच्या बाजूचं आमचं खेडं, घरची वालाची शेती. मी पेणला आलो तो दुसऱ्याच्या दुकानात भांड्यांवर नावं घालायला. हातात ते कुरकुरणारं मशीन, समोर भांड्यांचा ढीग. लग्नाचं भांडं, मुंजीचं भांडं, 'सप्रेम भेट' लिहून लिहून बोटं बधिर व्हायची. तिथून स्वतःचं दुकान काढलं ते केवळ दोन गुणांवर. एक, घासाघिशीत मला कोणी हरवत नाही. दोन, माझा राग. गिऱ्हाईक जास्त ताणायला लागलं, की मी भांडं उचलून परत फळीवर ठेवतो आणि तोंड फिरवतो. दहातले नऊ परत येतात. दहावं माझी बायको मंदा परत बोलावते.

अशा माणसाला दिघे मास्तरांनी भर बाजारात उघडं पाडलं. ते प्रकरण मी अजून विसरलो नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही.

गणपतीचे दिवस होते. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर तेव्हा पेणलाच राहायचे. ते एक चमचा घ्यायला आले होते. चमचा घ्यायला त्यांना वेळ लागतो, कारण ते घासाघीसही दोन्ही बाजूंनी एकटेच करतात. आधी गिऱ्हाइकाच्या बाजूने भाव पाडतात, मग दुकानदाराच्या बाजूने चढवतात आणि शेवटी मी सांगितला त्यापेक्षा जास्त देऊन जातात. अशा माणसाशी धंदा करायचा म्हणजे पंजा लढवायला बसावं आणि समोरच्याने आपणहून हात टेकवावा तसं. मजाच नाही.

तेवढ्यात मला दिसलं, एक माणूस काखेत कढई मारून दुकानाबाहेर चाललाय. मी गल्ल्यावरून उडी मारली आणि त्याची कॉलर धरली. चोर चोर म्हणून ओरडलो. माणसं जमली. आणि गर्दीतून तो आवाज आला.

"याची बाजू मांडायला कोणी आहे का?"

पुढे जे झालं ती माझी उलटतपासणी. मास्तरांनी हातातला चमचा न ठेवता मला विचारलं, की ही कढई तुम्ही याला फळीवरून उचलताना पाहिलीत का. मी म्हटलं, नाही. मग नेताना पाहिलीत, पण आणताना पाहिली नाहीत, असं समजायचं का? मी म्हटलं, चोर कढई आणतो कशाला? तेव्हा तो माणूस पहिल्यांदा बोलला. "शेठ, ही मागच्या आठवड्यात वहिनींकडून नेलेली हाय. कान सुटलाय बघा. बदलायला आणली, तर गर्दी दिसली. म्हटलं, भाईर थांबू." मंदाने आतून मान हलवली. व्हय, मीच विकली होती.

लोक हसले. मला त्याला नवी कढई द्यावी लागली, वर चहा. आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता दुकानातून वस्तू गेली. त्या दिवसापासून बाजारात माझं नाव 'फिर्यादी' पडलं. भाजीवालीसुद्धा विचारते, "फिर्यादी, कोथिंबीर देऊ का?" मास्तर बरोबर होते हे खरं. पण ते हळू आवाजात बरोबर होते, याची मला जास्त चीड आली. ओरडून बरोबर असते, तर मीही ओरडलो असतो आणि बरोबरी झाली असती. आणि माझं अजून म्हणणं आहे, की त्या माणसाचा चेहरा चोराचाच होता.

तेव्हापासून माझी एकच इच्छा. मास्तरांना एकदा, एकदाच, त्यांच्याच कोर्टात हरवायचं.

ती संधी माझ्या मुलीने आणून दिली. मयूरी बारावीला. तिच्या शाळेत कायदा हा विषय आहे आणि तिला पुढे वकील व्हायचंय. सहामाहीत ती नेमकी त्याच विषयात गडगडली. फौजदारी कायदा आणि न्यायव्यवस्था, हे दोन धडे तिला गिळता येईनात. त्यातून कायदेच बदललेले. गाईडात जुनी कलमं, शाळेत नवी कलमं, आणि शिकवणाऱ्या बाई मध्येच नोकरी सोडून गेलेल्या. मयूरी म्हणाली, दिघे सरांकडे जाते. मी म्हटलं, त्या माणसाची पायरी मी चढणार नाही.

"राग तुमचा हाय," मंदा भाकरी थापता थापता म्हणाली. "पेपर तिचा हाय."

म्हणून दर रविवारी आम्ही बापलेक पेणहून रोह्याची गाडी पकडायला लागलो. मास्तर आता रोह्याला त्यांच्या जुन्या घरात एकटे राहतात. बायको, शालिनीबाई, काही वर्षांपूर्वी वारल्या. पहिल्याच रविवारी मी फीचा विषय काढला. मनात भाव ठरवून गेलो होतो, तो पाडायची तयारीही केली होती. मास्तर म्हणाले, फी नको.

"फुकटचं आम्ही घेत नाय," मी म्हटलं.

"मग तुम्ही बसा. दर रविवारी. साक्षीदार फार कमी पडतात हल्ली."

हा भाव मला पाडता येईना. बसलो.

पहिले काही रविवार सुतकात गेले. सुतक चारशेवीस कलमाचं. नव्या संहितेत फसवणुकीचं कलम तीनशे अठरा झालं, चोरीचं तीनशे एकोणऐंशीचं तीनशे तीन झालं, खुनाचं तीनशे दोनचं एकशे तीन. मास्तरांनी आयुष्यभर पाठ केलेलं गाव कोणी रात्रीतून उठवून दुसरीकडे वसवावं, तशी त्यांची अवस्था. सवयीने जुना आकडा तोंडातून गेला, की ते स्वतःला शिक्षा करायचे. दाराजवळ एक लाकडी स्टूल आहे, तो त्यांचा आरोपीचा पिंजरा. तिथे जाऊन उभे राहायचे आणि मयूरीला सांगायचे, "आरोपी कबूल करतो. पुढे वाच." अर्धा तास त्यांनी उभ्यानेच शिकवला.

मीही त्यांच्या दुःखात सामील होतो. धंद्यात चारशेवीस हा शब्द मला रोज लागतो. आता एखाद्या व्यापाऱ्याला 'तू तीनशे अठरा आहेस' म्हटलं, तर तो रागावत नाही, उलट विचारतो, कशाचा भाव सांगताय?

पण पोरगी शिकायला लागली. कारण मास्तरांकडे शिकवायला एक खटला होता. वर्षानुवर्षं तोच.

खटला असा. फिर्यादी स्वतः मास्तर. आरोपी शालिनीबाई. मास्तर शाळेत परीक्षेच्या कामाला गेले असताना दारावर बोहारीण आली. शालिनीबाईंनी तिला मास्तरांचा लग्नातला गरम कोट दिला आणि बदल्यात एक स्टीलचं पातेलं घेतलं. आम्ही पेणकर त्याला टोप म्हणतो. तो टोप मुद्देमाल म्हणून ओटीवरच्या फळीवर ठेवलेला. त्यात कधी काही शिजलं नाही. मास्तर रोज त्याच्यावरची धूळ फडक्याने टिपतात. खाली काढत नाहीत आणि कोणाला हात लावू देत नाहीत.

"मुद्देमालाला हात लावला, की पुरावा बिघडतो," ते म्हणाले होते. मी नुसता फळीकडे सरकलो होतो तेव्हा.

या एका टोपावर मयूरी चोरीचा अख्खा धडा शिकली. जंगम मालमत्ता का? हो, कोट चालत नाही, पण नेता येतो. ताब्यातून गेला का? गेला. हलवला का? बोहारणीच्या गाठोड्यात गेला, थेट वेशीपार. मालकाची संमती? नव्हती. राहिलं काय? अप्रामाणिक हेतू. तिथे येऊन खटला दर रविवारी अडायचा.

मास्तर दोन्ही बाजू एकटेच लढवायचे. लाल पेन हातात घेतलं, की आवाज चढायचा. कोट कसा होता, प्रजासत्ताक दिनाला तोच घालून ते झेंड्याला सलामी कशी द्यायचे, डांबराच्या गोळ्यांचा वास कसा यायचा. निळं पेन घेतलं, की आवाज उतरायचा आणि जरा बायकी व्हायचा. "आरोपीचं म्हणणं असं, की कोट फिर्यादीला पोटावर घट्ट होत होता. कोट एकट्याला होता, पातेलं दोघांना पुरेल." हे ते इतकं हुबेहूब म्हणायचे, की मयूरी हसायची आणि मी आतल्या खोलीच्या दाराकडे बघायचो.

कायद्याच्या पुस्तकातच एक उदाहरण आहे म्हणे. कोणी एक बाई दारी आलेल्या याचकाला नवऱ्याचे कपडे देते. याचकाला वाटतं, बाईला द्यायचा अधिकार असेल. तर तो याचक चोर नाही. मास्तरांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "म्हणजे बोहारीण सुटली. आमची बायको मात्र अडकली."

मयूरी हुशार होत चालली होती. एका रविवारी ती म्हणाली, की नव्या कायद्यात छोट्या चोरीला समाजसेवेची शिक्षा आहे, पण सर, गुन्हा जुना आहे, म्हणजे जुनाच कायदा लागणार. मास्तर इतके खूश झाले, की आत जाऊन त्यांनी तिच्यासाठी पोह्याचा चिवडा आणला. मला दिला नाही. साक्षीदाराला लाच होते म्हणाले.

दुसऱ्या रविवारी ती म्हणाली, पुरावा द्यायची जबाबदारी फिर्यादी पक्षाची असते, आरोपीची नाही. हेतू सिद्ध होत नसेल, तर आरोपीला संशयाचा फायदा मिळतो. उत्तर बरोबर होतं. पण मास्तर म्हणाले, "परीक्षेत असंच लिही. पण शालिनीला संशयाचा फायदा नको. ती मानी होती. सुटली, तर पुराव्यावर सुटेल."

आणि एकदा तिने पुस्तकातून वाचलं, की आरोपी मयत झाला, तर खटला तिथेच संपतो. वाचून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय वाचलं. तिने पुस्तक मिटलं. मास्तरांनी दोन्ही पेनं खिशाला लावली.

"ते कलम या घरात लागू नाही," ते म्हणाले. "पुढचा प्रश्न घे."

इथे माझ्यातला व्यापारी जागा झाला. माझ्या लक्षात आलं, की या खटल्यात मास्तर फिर्यादी आहेत. म्हणजे आरोपी पुराव्यानिशी सुटली, की फिर्यादी हरला. कढईच्या वेळी त्यांनी माझा आरोपी सोडवला, आता त्यांचा मी सोडवायचा. एवढा एक पुरावा मिळाला असता, तर पेणच्या बाजारात मी सांगत फिरलो असतो, फिर्यादी मी नाय, तो रोह्याला राहतो. आयुष्यात कोणाची बाजू न घेतलेला मी शालिनीबाईंच्या बाजूने विचार करायला लागलो. बसल्या बसल्या त्या फळीवरच्या टोपाकडे बघत राहायचो. मंदा म्हणाली, झोपेत तुम्ही 'हेतू, हेतू' करता.

परीक्षेआधीचा शेवटचा रविवार आला. मयूरीने जाहीर केलं, की आज तिला निकालपत्र लिहायचंय. ती न्यायाधीश. निकाल कसा लिहितात हे पेपरात येऊ शकतं. मास्तर म्हणाले, घाई काय आहे. ती म्हणाली, सर, पेपर गुरुवारी आहे. त्यांनी दोन्ही बाजू पुन्हा मांडल्या, पण त्या दिवशी लाल पेनात जोर नव्हता. शेवटी मला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभं केलं. भांड्याचा जाणकार म्हणून मी सांगायचं, की कोट देऊन हे भांडं घेणं हा सौदा योग्य होता का.

"साक्षीदाराने मुद्देमाल जागेवरूनच पाहावा," मास्तर म्हणाले. तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला आणि ते लगबगीने स्वयंपाकघरात गेले.

जागेवरून भांडं पाहणारा माणूस मी नाही. भांडं दिसलं, की माझा हात आपोआप जातो. नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, कड बोटाने फिरवायची आणि मग उलटं करून बूड बघायचं. बुडाशी भांड्याची सगळी अब्रू असते. जाडी, जोड, ठोका, सगळं तिथे कळतं. मयूरी पाठमोरी बसून निकालपत्राचं शीर्षक लिहीत होती. मी फळीवरून टोप उचलला, टिचकी मारली, आवाज चांगला होता. उलटा केला.

बुडावर बारीक ठिपक्यांत लिहिलं होतं: 'श्री. अनंत दिघे यांस सप्रेम भेट. कोटाबद्दल. शालिनी.'

बोहारणीच्या टोपलीतली भांडी कोरी असतात. नाव मागाहून दुकानात जाऊन घालून घ्यावं लागतं. आणि ते ठिपके माझ्या हातचे होते. मी काम करायचो तेव्हा माझं मशीन प्रत्येक ओळीच्या शेवटी घसरायचं आणि एक शेपूट सुटायचं. तशी तीन शेपटं तिथे होती. आणि मला ती बाई आठवली. दररोजच्या ढिगातली बाकी कोणी आठवत नाही, पण ही आठवली, कारण तिने मला भावात हरवलं होतं. मी अक्षरावर पैसे लावायचो. ती म्हणाली होती, काना-मात्रा म्हणजे काही अक्षर नाही, त्याचे पैसे मी देणार नाही. आणि नाही दिले. मी तिला विचारलं होतं, हे 'कोटाबद्दल' काय आहे? ती म्हणाली, "आमच्या घरी पुरावा लागतो."

पुरावा माझ्या हातात होता. एक वाक्य बोललो, की मी जिंकलो. मी तोंड उघडलं आणि वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात मास्तर उभे होते. हातात ओघळलेल्या दुधाचं भांडं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या हातातल्या उलट्या टोपाकडे पाहत होते. जे काय लिहिलंय ते त्यांना वाचायची गरज नव्हती. ते पाठ होतं.

"बाबा," मयूरीने मान न वळवता विचारलं, "खाली काही लिहिलंय का? नाव वगैरे?"

पोरगी माझीच. नेमका प्रश्न विचारला.

"नाय," मी म्हटलं. "कंपनीचा शिक्का हाय नुसता. झिजलाय."

न्यायालयासमोर खोटी साक्ष. त्याचं नवं कलम कोणतं ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलंही नाही. मी टोप फळीवर जसा होता तसा ठेवला, बूड खाली. मास्तर पुढे आले. मला वाटलं, आता उलटतपासणी होणार. आयुष्यात त्यांनी साक्षीदाराला असा सोडला नसेल. पण ते नुसते म्हणाले, "साक्षीदार खाली बसू शकतो."

मयूरीने खूप वेळ विचार केला आणि लिहिलं, की हेतूबाबत पुरावा अपुरा असल्याने न्यायालय आणखी पुराव्यासाठी पुढची तारीख देत आहे. मग मास्तरांकडे बघून ओशाळली. "असं चालतं का हो, सर?"

"चालतं," मास्तर म्हणाले. "आपल्याकडे असंच चालतं."

निघताना ते आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. एरवी येत नाहीत. मयूरी पुढे गेली. मास्तर माझ्याबरोबर चालत होते. मला गप्प बसवेना.

"तुम्हीच पुरावा दाबून ठेवलात, मास्तर. बाईंची बाजू मांडायला कोणी नव्हतं, म्हणून नव्हे. तुम्ही मांडू दिली नाय."

"खरं आहे."

"मग?"

"निकाल लागला, की मुद्देमाल ज्याचा त्याला परत करावा लागतो, शेठ," मास्तर म्हणाले. "कोणाला करू?"

गाडी सुटायची वेळ झाली होती. कासू स्टेशन येईपर्यंत मयूरी मला विचारत होती, की बाबा, तुमचा मूड का गेला.

तिचा पेपर चांगला गेला. चोरीच्या प्रश्नात तिने नवऱ्याचा कोट आणि बोहारीण घातली. तपासणाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, पण मार्क दिले. आता ती पुढच्या शिक्षणाला पनवेलला राहते. म्हणजे मला रोह्याला जायचं काहीच कारण उरलं नव्हतं. कढईचा राग होताच. अजून आहे, कोणी समजूत काढू नये.

पण ती गेल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी मास्तरांचा फोन आला. साक्षीदाराने हजर राहावं, नाहीतर वॉरंट निघेल. मी फोनवरच भांडलो, की दुकान कोण बघणार, गाडीला गर्दी किती असते, माझा वेळ काय फुकट आलाय. भांडताना चप्पल घालत होतो. मंदाने वालाची पिशवी हातात दिली.

आता दर रविवारी आम्ही दोघंच असतो. मास्तर लाल पेन काढतात, कोटाचं वर्णन करतात, मग निळं पेन काढून बायकोच्या आवाजात बोलतात. मध्ये एखादा डास पुराव्याअभावी सुटतो. चहा होतो. मग ते स्टुलाकडे वळून नेहमीचा प्रश्न विचारतात, आरोपीची बाजू मांडायला कोणी आहे का.

"आहे," मी म्हणतो. "पण आज तयारी नाय. तारीख द्या."

मास्तर उठतात, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जातात आणि जणू कामाचा डोंगर आहे अशा थाटात बोट फिरवतात. मग पुढच्या रविवारवर थांबतात.